सुजलेला टोंगळा आणि हातातून गेलेला मोसम



मी हाडांचा डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. ताप, दमा, साखर, ब्लडप्रेशर हे माझं रोजचं काम. तरीही आज गुडघ्यावर लिहितोय, कारण वर्षभरापूर्वी एका गुडघ्याच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली. ज्या मुलीचा तो गुडघा होता, तिच्या आणि तिच्या वडिलांच्या परवानगीने हे लिहितोय. नाव, गाव, कॉलेज अर्थातच देणार नाही.

२०२४ चा ऑक्टोबर महिना. आमच्याकडे तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते आणि दवाखान्यात डेंगूची गर्दी. त्या वर्षी विदर्भात चिकनगुन्याही जोरात होता. अमरावतीच्या दवाखान्यात बसायला जागा नव्हती आणि आठवड्यातून एक दिवस मी अकोल्याला बसतो तिथेही तीच तऱ्हा. आमचा कंपाउंडर मात्र वेगळ्याच तापात होता. प्रो कबड्डीचा अकरावा हंगाम सुरू झाला होता आणि तो पुणेरी पलटनचा भक्त. वऱ्हाडातला माणूस पुण्याच्या संघासाठी जीव टाकतो, हे मला गमतीचं वाटायचं. पण अमरावतीला कबड्डी काही परकी नाही. १९१४ साली सुरू झालेल्या इथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ करून दाखवले होते, त्यात कबड्डीही होती.

पलटनचं सांगायचं तर १ मार्च २०२४ ला हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून त्यांनी पहिल्यांदा विजेतेपद मिळवलं होतं. कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या नगर जिल्ह्यातला पोरगा. त्या हंगामातला सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. त्यामुळे नव्या हंगामात कंपाउंडरची छाती फुगलेली होती.

अशाच एका संध्याकाळी एक एकोणीस वर्षांची मुलगी वडिलांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत आत आली. कॉलेजच्या नेटबॉल संघात ती सेंटर खेळायची. उजवा गुडघा पालथ्या वाडग्यासारखा सुजला होता.

"उडी मारून बॉल पकडला, खाली आली, अन् टोंगळा फिरला सर. कट्ट असा आवाज आला."

कोणाचा धक्का लागला होता का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मी गुडघा वाकवून पाहिला, तिला दुखलं, म्हणून सोडून दिला. एक्स-रे काढायला लावला. हाड साबूत होतं. मला बरं वाटलं, त्यांनाही बरं वाटलं. केसपेपरवर मी लिहिलं, 'गुडघा लचकला'. बर्फ, क्रेप बँडेज, दुखण्याच्या गोळ्या, पंधरा दिवस आराम. बाहेर चाळीस पेशंट थांबले होते.

एक प्रश्न मी विचारलाच नाही. सूज किती वेळात आली?

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते सविस्तर सांगतो. तुमच्या घरात खेळणारं मूल असेल तर एवढं तरी नीट वाचा.

मांडीचं हाड आणि नडगीचं हाड गुडघ्यात एकमेकांवर टेकतात. ती जागेवर राहावीत म्हणून चार मुख्य दोऱ्या असतात, त्यांना आपण लिगामेंट म्हणतो. त्यातली एक सांध्याच्या अगदी मधून तिरपी जाते. तिचं नाव एसीएल. जाडीला साधारण करंगळीएवढी, लांबीला तीन-साडेतीन सेंटिमीटर. नडगीचं हाड पुढे सरकू न देणं आणि गुडघ्याला भलत्या दिशेने फिरू न देणं, हे तिचं काम. या लिगामेंटमध्ये रक्तवाहिन्या असतात. ती तुटली की सांध्यात रक्त साठतं आणि गुडघा बघता बघता, दोन-चार तासांत टम्म फुगतो. साध्या लचकण्यात किंवा गादीला इजा झाली तर पाणी हळूहळू भरतं. सूज बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी दिसते.

म्हणजे उडी मारताना किंवा वळताना पाय अडकला, आतून आवाज आला आणि त्याच संध्याकाळी गुडघा फुगला, तर एसीएल तुटली आहे असंच धरून चालायचं. तपासणीत तसं नाही असं सिद्ध होईपर्यंत तेच. एक्स-रे चांगला आला म्हणून हुरळून जायचं नाही, कारण एक्स-रेमध्ये हाड दिसतं, लिगामेंट दिसत नाही. आणि यातल्या बहुतेक इजा कोणाच्याही धक्क्याशिवाय होतात. मुलगी म्हणाली 'कोणी धक्का नाही मारला', तिथेच माझे कान टवकारायला हवे होते. उलट मला ते ऐकून इजा किरकोळ वाटली.

नेटबॉल कसा खेळतात, हेही तेव्हा मला माहीत नव्हतं. "व्हॉलीबॉल ना?" असं मी तिला विचारल्याचं आठवतं! नंतर तिनेच शिकवलं. बास्केटबॉलसारखीच बास्केट, पण मागे फळी नाही. एका बाजूला सात जणी. चेंडू टप्पे देत न्यायचा नाही. हवेत चेंडू पकडला की जो पाय आधी टेकला तो उचलून पुन्हा टेकायच्या आत, आणि तीन सेकंदांच्या आत, चेंडू सोडायचा. म्हणजे पूर्ण वेगात धावत यायचं, उडी मारायची आणि एका पायावर जागच्या जागी थांबायचं. हे तासाभरात कितीतरी वेळा! गुडघ्याच्या दृष्टीने याहून अवघड परीक्षा मी तरी काढू शकत नाही. ऑस्ट्रेलियात हा खेळ बायका व्यावसायिक पातळीवर खेळतात, आणि तिथे नेटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेने गुडघा वाचवण्यासाठीच वेगळा सरावक्रम तयार केला आहे.

तीन आठवड्यांनी मुलगी परत आली तेव्हा सूज उतरली होती, दुखत नव्हतं, चालही सरळ होती. घरात आजी होती. "मी रोज तेल लावून देतो ना टोंगळ्याले," आजी म्हणाल्या. (ताज्या इजेवर मालिश करू नका. तेल लावायला हरकत नाही, चोळायला आहे.) वडील म्हणाले, "डॉक्टर सायब, आता दुखत नाही म्हणते. खेळू द्या ना तिले. टीममधी पोरीच नाही उरल्या."

खरंच नव्हत्या. दहा जणींचा संघ होता. दोघींना चिकनगुन्या झालेला, ताप गेला तरी सकाळी हाताच्या मुठी वळत नव्हत्या. एकीला घरून परवानगी नव्हती. उरल्या सात, त्यातली ही एक. दोन सामने त्या हरल्या होत्या. तिसरा जिंकला तर पुढे जाणार, आणि पुढे गेल्या तर विद्यापीठाच्या निवडीत नाव येण्याची शक्यता. मुलगी पोलीस भरतीचीही तयारी करत होती. खेळाचं प्रमाणपत्र आमच्या भागात भिंतीवर लावायची वस्तू नसते. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात. वडिलांकडे चार एकर कोरडवाहू.

मी म्हणालो, "खेळ बेटा, पण जपून."

हे वाक्य मला आजही टोचतं. एका पायावर उडी थांबवणारी मुलगी जपून म्हणजे नेमकं काय करणार होती? दुखणं थांबणं आणि इजा भरून येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एसीएल तुटल्यावर सूज उतरली की दुखणंही जातं. सरळ रस्त्यावर चालताना त्या लिगामेंटची फारशी गरजही पडत नाही. गरज पडते ती वळताना आणि उडीनंतर पाय टेकताना. मी तिला झोपवून, गुडघा थोडा वाकवून, नडगी पुढे ओढून पाहायला हवी होती. एक मिनिटाची तपासणी आहे. दुसऱ्या पायाशी तुलना केली की कळतं. शंका आली की एमआरआय.

तिसऱ्या सामन्यात दहाव्या मिनिटाला तिचा गुडघा निसटला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलेली निघाली आणि आतली गादीही फाटलेली. तुटलेल्या लिगामेंटवर खेळल्यामुळे गादी फाटली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. संघ उरलेला वेळ सहा जणींत खेळला.

मी वडिलांना बोलावून घेतलं आणि सांगितलं, की पहिल्या दिवशी माझ्या लक्षात यायला हवं होतं, आलं नाही. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मीच म्हणलं ना जी तुमाले, खेळू द्या म्हणून." त्यांनी आरडाओरडा केला असता तर मला सोपं गेलं असतं.

इकडे पलटनची गाडीही घसरली होती. मोसम रंगात असतानाच अस्लम इनामदार गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला. गतविजेता संघ बारा संघांत आठवा आला. पहिले सहा संघ पुढे जातात. बाद फेरी आणि २९ डिसेंबरचा अंतिम सामना पुण्यातच, बालेवाडीत झाला, आणि त्यात पुण्याचाच संघ नव्हता. कंपाउंडर म्हणायचा, एका टोंगळ्यानं अख्खी टीम बुडवली. मला ते पटत नाही. हरण्याला दहा कारणं असतात, आणि विजेत्या संघाचा अभ्यास बाकीचे अकरा संघ वर्षभर करत असतात. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. संघ घसरत असतानाही कर्णधार बाहेर बसला. आमच्या मुलीला बाहेर बसवणारं कोणी नव्हतं. ते काम माझं होतं.

तिची शस्त्रक्रिया जानेवारी २०२५ मध्ये झाली. कापूस विकल्यावर. खर्च लाखाच्या वर गेला. प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असं नाही, हेही सांगतो. ज्याला उड्या आणि वळणं असलेला खेळ खेळायचा नाही, त्याचं चांगल्या व्यायामावर भागू शकतं. तिला खेळायचं होतं, आणि गादीही शिवायची होती.

शस्त्रक्रियेत मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी घेऊन नवीन लिगामेंट बसवतात. लोकांना वाटतं, बसवली म्हणजे झालं. ती दोरी आधी रक्तपुरवठ्याविना पडून असते, पहिल्या दोन-तीन महिन्यांत उलट कमजोर होते, मग तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि मग कुठे ती लिगामेंटसारखी वागू लागते. म्हणून नऊ महिने. त्याआधी मैदानात उतरणाऱ्यांमध्ये पुन्हा इजा होण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. अमरावती-अकोला रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव गेलं, त्याच रस्त्याने मी दर आठवड्याला जातो. मुलीचे वडील एकदा म्हणाले, "रोड पाच दिवसात होते, अन् टोंगळ्याले नऊ महिने?" मी म्हणालो, हाव जी, नऊ. तेही रोज व्यायाम केला तर.

तो व्यायाम कंटाळवाणा असतो. पहिले काही आठवडे नुसता गुडघा पूर्ण सरळ करायला शिकायचं आणि मांडीचा स्नायू जागा करायचा. साडेचार महिन्यांनी सरळ रेषेत हळू धावणं सुरू झालं. तेव्हा तिला वाटलं, झालं आता. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्याची तयारी तिने सुरू केली आणि ती चाललीही. पण नेटबॉल नाही. सरळ धावणं आणि उडी मारून एका पायावर थांबणं यात गुडघ्याच्या हिशेबाने चार-पाच महिन्यांचं अंतर आहे. यावरून तिचं-माझं दोनदा भांडण झालं. या वेळी मी 'जपून' हा शब्द वापरला नाही.

आता बाकीच्या मुलींचं. हीच इजा मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात होते. कंबरेची आणि मांडीची ठेवण, उडीनंतर गुडघे आत वळण्याची सवय, स्नायूंची कमी ताकद, अशी कारणं सांगितली जातात. मला त्यात आणखी एक दिसतं. आमच्याकडे मुलगी खेळायला लागते पंधराव्या वर्षी, आणि तिला पाय टेकायला कोणी शिकवतच नाही. उडीनंतर गुडघे वाकवून, पावलांच्या सरळ रेषेत ठेवून, आवाज न करता खाली यायचं, हे शिकवता येतं. उठाबशा, एका पायावर तोल, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, उडी मारून थांबणं, अशी पंधरा-वीस मिनिटांची तयारी सरावाआधी नेमाने केली तर मुलींमध्ये या इजा जवळपास निम्म्यावर येतात. त्याला पैसे लागत नाहीत. मैदानाला दोन चकरा मारून "वॉर्मअप झाला" म्हणणाऱ्या क्रीडाशिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे, ही वीस मिनिटं द्या. मी स्वतः दोन कॉलेजांत जाऊन हे सांगितलं. एका ठिकाणी ऐकलं.

२०२५ मध्ये पलटनमध्ये अस्लम कर्णधार म्हणून परतला आणि संघ अंतिम फेरीत गेला. ३१ ऑक्टोबरला दिल्लीकडून २८-३१ असा हरला. कंपाउंडर दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही, जणू दिल्लीचा प्रशिक्षक मीच.

आमच्या मुलीला नऊ महिने ऑक्टोबरमध्ये पूर्ण झाले. पण एका पायावर उड्या मारून अंतर मोजायची चाचणी असते, त्यात इजा झालेला पाय चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के तरी भरावा लागतो. तिचा ब्याऐंशी भरला. म्हणून पहिला सामना तिने बाकावर बसून पाहिला. पुढच्या महिन्यात ब्याण्णव भरले.

परवाच्या रविवारी मी दवाखाना बंद ठेवून मैदानावर गेलो. दुसऱ्या भागात ती उतरली. चेंडूकडे माझं लक्षच नव्हतं, मी फक्त तिचे गुडघे पाहत होतो. प्रत्येक वेळी ती वाकून, सरळ खाली आली. सामना त्या चार गोलांनी हरल्या. जाताना वडिलांनी हरभऱ्याची पेरणी झाल्याचं सांगितलं आणि आजीच्या साखरेचा रिपोर्ट खिशातून काढला.