चिमीसाठी घेतलेला निर्णय

स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्हां उभयतांसमोर प्रश्न पडला. आम्ही दोघेही याच शाळेचे विद्यार्थी. वसतिगृहाच्या आठवणी पुष्कळ आहेत; परंतु त्या इतर मंडळी अधिक चांगल्या लिहितील. म्हणून गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात जो एक लहानसा पण मनाला घोर लावणारा प्रसंग घडला, तोच येथे सांगत आहोत.

नायगावच्या बीडीडी चाळीत आमचे बिऱ्हाड आहे. खोली एकशे साठ चौरस फुटांची. एका पावसाळ्यात मुलीने जिन्याखालून भिजलेले मांजराचे पिल्लू उचलून आणले. ती मादी होती. मुलीने तिचे नाव चिमी ठेवले. काही महिन्यांतच शेजारच्या काकूंनी सुचविले, "हिचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर चाळ पिल्लांनी भरेल." आणि घरात वाद सुरू झाला.

आमच्या आईंचा याला ठाम विरोध होता. गावी बैल खच्ची करताना त्याचा हंबरडा त्यांनी लहानपणी ऐकला होता. आणीबाणीच्या काळात नसबंदीच्या धास्तीने पुरुष रात्री रानात जाऊन झोपत, हेही त्यांनी पाहिले होते. त्यामुळे तो शब्दच त्यांना सोसत नसे. त्या म्हणत, "एकदा तरी व्यायला हवी ती. मुका जीव म्हणून काय आपण ठरवायचं?"

आम्ही त्यांना बाबासाहेबांचा दाखला दिला. १९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावरील खटल्यात बाबासाहेब त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. १९३८ साली स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबईच्या कायदेमंडळात संततिनियमनाचा ठराव मांडला; तो फेटाळला गेला, तरी त्यामागचा विचार आपल्या समाजाने पुढे नेला. आईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "बाबासाहेबांनी बाईला तिच्या देहाचा अधिकार दिला. चिमीला कोण विचारतंय?"

या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. शाळेत रोज सकाळी वंदनेला उभे राहून आम्ही प्राणिहिंसा न करण्याचे पहिले शील घेतले आहे. निरोगी जिवाच्या पोटावर शस्त्र चालवावयाचे, तेही आपल्या सोयीसाठी, हे त्या शिलात कसे बसावे? म्हणून आम्ही निर्णय पुढे ढकलला. काहीच न करणे हे निर्दोष आहे, अशी आमची समजूत होती.

फाल्गुनात चिमी माजावर आली. रात्रभर तिचे ओरडणे चालू असे. एके पहाटे दार उघडे राहिले आणि ती पॅसेजमधून पळाली. सुमारे दोन महिन्यांनी कपाटाखालच्या ट्रंकेमागे ती व्याली. चार पिल्ले झाली. आईंनी तिला दूध-पोळी भरवली, मुलीने पिल्लांना नावे दिली. तो आठवडा घरात खरोखर आनंदाचा गेला.

पुढे एका पिल्लाला बोक्याने मारले. दुसरे अंगणातील गाडीखाली सापडले. तिसरे लालबागच्या मसाल्याच्या बाजारातील एका ओळखीच्या दुकानदाराने उंदरांसाठी नेले. ते सुखात आहे. चौथे मात्र खाईनासे झाले. पहिल्या पावसाच्या रात्री मुलीच्या मांडीवरच त्याने प्राण सोडला. तिने विचारले, "आपण आधी ऑपरेशन केलं असतं, तर हे जन्मलंच नसतं. ते बरं झालं असतं का?" आम्ही गप्प राहिलो.

त्या रात्री आम्हां दोघांना शाळेच्या कोठीतील मांजर आठवले. धान्याला उंदीर लागू नयेत म्हणून ते पाळलेले असे. दर वर्षी पिल्ले होत, आम्ही मुले ताटातला भात चोरून त्यांना नेत असू. आणि दर पावसाळ्यात विहिरीमागे खड्डे खणून त्यांतली बहुतेक पिल्ले पुरीत असू. ते निसर्गाचे आहे, असे तेव्हा आम्हांला वाटे. परंतु कोठीत मांजर आपणच आणले होते, त्याला खाऊ आपणच घालत होतो. चिमीही आमच्याच दारात वाढली. तिच्या पिल्लांचे मरण आम्ही घडविले नाही. पण ते टाळणे आमच्या हाती होते आणि आम्ही स्वस्थ बसलो, हे नाकारता येईना.

मग परळला गेलो. आपले जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, त्याच्या मागे दीडशे वर्षांची परंपरा आहे. प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी मुंबईची संस्था १८७४ साली स्थापन झाली. तेथील डॉक्टरांना आईंनी स्वतःच सर्व प्रश्न विचारले. डॉक्टरांनी सांगितले, की मांजरी पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असतो, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते. 'एकदा तरी व्यायला हवी' या समजुतीला आधार नाही. उलट लवकर शस्त्रक्रिया झाली, तर स्तनाच्या गाठींचा धोका कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचे भय राहत नाही. भूल देण्यात थोडा धोका असतो आणि पुढे वजन वाढू शकते, हेही त्यांनी लपविले नाही. आईंनी शेवटी विचारले, "तिला कळेल का, तोडताना?" डॉक्टर म्हणाले, "नाही आजी, ती पूर्ण झोपेत असेल."

चिमीचे दूध आटल्यावर श्रावणात शस्त्रक्रिया झाली. आदल्या रात्रीपासून ती उपाशी होती. तिच्यासमोर जेवणे नको म्हणून आईही जेवल्या नाहीत. घरी आणल्यावर गळ्यातील प्लॅस्टिकच्या गळपट्ट्यामुळे ती भिंतींना धडकत असे. टाके भरून येईपर्यंतचे दहा दिवस आई तिच्याजवळ जमिनीवर झोपल्या.

आम्ही पुण्य केले, असा आमचा दावा नाही. तिला विचारता येत नव्हते, म्हणून निर्णयाचे ओझे पूर्णपणे आमच्यावर आहे, आणि ते तसेच राहावे असे आम्हांला वाटते. धम्मात कृतीमागील चेतनेला महत्त्व आहे. ती चेतना सोयीची होती की करुणेची, हे शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, तर पुढील वर्षांत आम्ही कसे वागतो त्यावरून ठरेल. आईंनी हे आमच्यापेक्षा सोप्या शब्दांत सांगितले: "तिच्याकडून एक घेतलंय आपण. आता तिला अंतर द्यायचं नाही."

पुनर्विकासात आज ना उद्या आमची चाळ पाडली जाईल. खोल्या रिकाम्या करून जाताना मांजरे मागे ठेवून गेलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. आम्ही जाऊ तेव्हा सामानाच्या पहिल्या खेपेत चिमीची टोपली असेल, हे ठरले आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांच्या दारी असे एखादे मांजर येते, त्यांनी वेळेवर विचार करावा, एवढीच विनंती. आमचा विचार चार महिने उशिरा झाला, आणि त्याची किंमत आम्ही मोजली नाही, त्या तीन पिल्लांनी मोजली.