बसमधली पहिली जागा

श्रीलंकेहून परतल्यावर लोकांनी आम्हाला आधी विचारले, "खर्च किती आला?" आणि मग विचारले, "फिरलात कसे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे देतो. कारण त्या फिरण्यातच आमच्या पदरात काही पडले.

2018 च्या डिसेंबरात आमच्या विहारातले आम्ही नऊ जण गेलो होतो. सगळे नोकरदार नाही तर पेन्शनवाले. यात्रा कंपनीची एसी गाडी परवडणारी नव्हती. म्हणून ठरवले की तिथले कष्टकरी लोक जसे फिरतात तसेच आपण फिरायचे.

तिथली लाल बस सरकारी. 1958 साली तिथल्या बससेवेचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याचा हा वारसा. आपल्या एसटीची धाकटी बहीणच म्हणा. तिच्या जोडीला खासगी बसही धावतात. त्या वेगाने जातात, पण भरल्याशिवाय जागच्या हलत नाहीत आणि आत गाण्यांचा दणदणाट असतो. बसच्या पाटीवर गावाचे नाव सिंहली, तमिळ आणि इंग्रजीत असते, त्यामुळे चुकायची भीती कमी. ड्रायव्हरच्या समोर बुद्धाची तसबीर, फुले आणि लुकलुकणारे दिवे. कोलंबोच्या दक्षिणेला कळुतरा इथे रस्त्याकाठी बोधिवृक्ष आहे. तिथे गाड्या थांबतात, दानपेटीत नाणे पडते आणि मगच पुढचा प्रवास.

कोलंबोहून अनुराधपूर सुमारे दोनशे किलोमीटर. पहाटेच बसस्टँड गाठला. बस रिकामी होती. आमच्यातल्या सत्तरीच्या मावशींना गुडघ्यांचा त्रास, म्हणून त्यांना अगदी पुढच्या सीटवर बसवले. थोड्या वेळाने कंडक्टर आला आणि हाताने खूण करून त्यांना उठायला सांगू लागला. भाषा कळेना. मावशींचा चेहरा एकदम उतरला. त्या पुटपुटल्या, "इथंबी उठा म्हणत्यात का रे?"

आमच्या पोटात कालवले. उठ म्हणणारा हात आपल्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या पाहिला आहे. 1901 साली लहानग्या भीमाला मसूर स्टेशनवरून गोरेगावला जायचे होते. दुप्पट भाडे दिले तरी गाडीवान गाडी हाकेना. मुलांनी स्वतः बैल हाकले आणि गाडीवान बाजूने चालत राहिला. 1929 साली चाळीसगावात बॅरिस्टर झालेल्या बाबासाहेबांना टांगेवाले मिळेनात. शेवटी टांगा मिळाला, पण हाकायला आपल्यातलाच, हाताला सवय नसलेला माणूस. टांगा पुलावर उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. आपल्यासाठी गाडी आणि बैठक या साध्या गोष्टी कधीच नव्हत्या.

तेवढ्यात एक तरुण भन्ते बसमध्ये चढले. कंडक्टरने वाकून त्यांना ती जागा दाखवली. मागच्या एका बाईंनी मोडक्या इंग्रजीत समजावले. पुढची जागा 'हामुदुरुवो'साठी, म्हणजे भिक्खूंसाठी राखलेली असते आणि त्यांच्या शेजारी स्त्री बसत नाही. मग त्याच बाईंनी आपली जागा मावशींना दिली आणि स्वतः उभ्या राहिल्या. मावशींनी भन्तेंना हात जोडले. नंतर त्या म्हणाल्या, "उठवलं, पर हीन म्हणून न्हाई उठवलं."

अनुराधपूरच्या बोधिवृक्षाला वंदन केले. संघमित्रा थेरींनी भारतातून नेलेल्या फांदीचा तो वृक्ष. तिथून महेंद्र थेरांचे मिहिंतले तेरा किलोमीटर. तिथे तीनचाकीने गेलो. भाडे आधी ठरवून घ्यावे, हा आमचा कारकुनी सल्ला. गाडी आपल्या बजाजची. या तीनचाक्या तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या वाळूजच्या कारखान्यात बनतात, हे आठवून आम्हाला उगाच घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले. पुढे 1840 पायऱ्या. मावशी खालीच बसल्या.

मग बसने कँडी गाठले. 1950 च्या मे महिन्यात बाबासाहेब माईसाहेबांसह इथेच जागतिक बौद्ध परिषदेला आले होते. परतीचा प्रवास रेल्वेने केला. डोंगरातून उतरणारी ही लाइन 1867 साली कँडीला पोहोचली. सेकंड क्लासच्या डब्यात शेजारी एक निवृत्त शिक्षक होते. आम्ही मोठ्या कौतुकाने म्हटले, "तुमच्या बसमध्ये जागा चिवराला मिळते, जातीला नाही."

ते हसले आणि म्हणाले, "पण चिवर कोणाला मिळते?" मग त्यांनी सांगितले की इथला सियाम निकाय 1753 साली स्थापन झाला आणि पुढे गोविगम जातीबाहेरच्यांना त्यात उपसंपदा बंद झाली. तेव्हा इतर जातींचे लोक ब्रह्मदेशात जाऊन उपसंपदा घेऊन आले आणि अमरपूर निकाय उभा राहिला. एवढे सांगून त्यांनी विचारले, "तुमच्यात लग्न जुळवताना आता जात, पोटजात विचारत नाहीत ना?"

आम्ही नऊ जण होतो. एकानेही तोंड उघडले नाही. खिडकीबाहेर भातखाचरे मागे पडत होती. वधूवर मेळाव्यात बायोडाटांचे गठ्ठे आम्हीच लावतो. कोणता पालक कानाशी लागून काय विचारतो, हे आम्हाला ठाऊक आहे.

त्या प्रवासाच्या जमाखर्चात बस, रेल्वे आणि तीनचाकीचे पैसे आम्ही पैन् पै लिहिले. त्या प्रश्नाचे येणे मात्र अजून बाकी आहे. धम्मबांधवांनो, ते फेडायला श्रीलंकेला जायची गरज नाही. घरी मुलीसाठी स्थळ येईल, तेव्हा पोटजात विचारायची नाही, एवढेच करायचे आहे.

जयभीम!