रेषेचं टोक नेमकं कुठे आहे?

आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात नव्यानं ड्राफ्टिंग शिकायला येणारी मुलं बहुतेक एकाच पद्धतीनं सुरुवात करतात. भिंतीची रेषा दुसऱ्या भिंतीला टेकवायची असली की माउसचं चाक फिरवत आत आत जातात, टोक भिडलेलं दिसलं की क्लिक करतात. मी त्यांना तिथे आणखी झूम करायला लावतो. फट दिसते. ती बुजवली आणि पुन्हा झूम केलं, तर पुन्हा फट. ऑटोकॅड हे ड्राफ्टिंगचं सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूचं स्थान पंधरा-सोळा अंकांपर्यंत नेमकं साठवतं. तिथपर्यंत कुणाचीच नजर पोचत नाही, म्हणून नजरेनं जुळवण्याचा नाद पहिल्याच दिवशी सोडायला हवा.

ट्रेसिंग पेपरच्या काळात हा प्रश्न या रूपात नव्हता. 1:100 च्या नकाशात 0.3 मिलिमीटरच्या पेनची रेषा प्रत्यक्षातले 30 मिलिमीटर झाकून टाकायची. आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी गवंडी काम करायचा ते लिहिलेल्या आकड्यावरून. आता आकारच पुढे जातो. जिन्याच्या कठड्याची जाळी लेझर कटिंगला पाठवायची तर आपण कागद देत नाही, डीएक्सएफ फाइल देतो, आणि यंत्र त्या रेषेवरूनच फिरतं. कडा बंद नसेल तर कापायचा आकार पुरा होत नाही. कटिंगवाल्याचा फोन येतो, नाहीतर पत्रा वाया जातो.

यावरचा उपाय संगणकावरच्या चित्रकलेइतकाच जुना आहे. आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ मांडलं. लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-2 संगणकाच्या पडद्यावर प्रकाशाच्या पेननं रेषा काढायच्या. हात थरथरणारच, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. पेन एखाद्या बिंदूच्या किंवा रेषेच्या जवळ आलं की यंत्र नेमका तोच बिंदू पकडायचं. त्यांचं षटकोनाचं उदाहरण मला फार आवडतं. आधी वेडावाकडा सहा बाजूंचा आकार काढायचा, त्याचे कोपरे वर्तुळावर बसवायचे, मग सगळ्या बाजू समान कर असं सांगायचं, की नियमित षटकोन तयार! माणसानं नातं सांगायचं, अचूकपणा यंत्रानं सांभाळायचा.

ऑटोकॅडमधलं ओस्नॅप, म्हणजे कर्सर जवळ आला की नेमका बिंदू पकडणारी सोय, याच घराण्यातलं. एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, पर्पेंडिक्युलर, टॅन्जंट ही सगळी नातीच आहेत: या रेषेच्या टोकापासून, त्या भिंतीवर लंब, या वर्तुळाला स्पर्श करून. ट्रॅकिंग तर टी-स्क्वेअरचं काम करतं. प्लॅनच्या खाली एलिव्हेशन काढताना खिडकीच्या कडेवर कर्सर क्षणभर टेकवायचा आणि सरळ खाली यायचं; खिडकी खाली त्याच रेषेत उतरते.

पण सगळे ओस्नॅप एकदम चालू ठेवायची सवय मला मान्य नाही. गर्दीच्या प्लॅनमध्ये हवा असतो भिंतीचा कोपरा आणि पकडला जातो शेजारच्या फर्निचरचा बिंदू. निअरेस्ट तर कायम बंदच असावं. ते रेषेवरचा कुठलाही बिंदू देतं आणि काम नेमकं झाल्याचा भास निर्माण करतं. चार-पाच नेहमीचे चालू ठेवावेत, बाकीचे लागतील तेव्हा शिफ्ट दाबून उजव्या क्लिकनं मागवावेत. आणखी एक: रेषा फक्त आडवी-उभी ठेवणारं ऑर्थो चालू असलं तरी ओस्नॅपनं बिंदू पकडला की ऑर्थोचं काही चालत नाही. सरळ वाटणाऱ्या कितीतरी रेषा अशाच किंचित तिरक्या झालेल्या असतात.

हे दोष डायमेन्शनमध्ये लपतात, कारण दशांश बंद केलेले असतात. 2999.6 चा गाळा 3000 दिसतो. असे चार गाळे एका ओळीत आले की सुटी मापं 12000 सांगतात आणि एकूण माप 11998. इमारतीत दोन मिलिमीटरनं काही कोसळत नाही. पण मग कुणीतरी एकूण मापाचा आकडा खोडून हातानं 12000 टाइप करतं. हे मला अक्षम्य वाटतं, कारण त्यानंतर त्या ड्रॉइंगमधल्या कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

सर्व्हेच्या फाइलमध्ये वेगळाच सापळा असतो. टोटल स्टेशन या मोजणीच्या यंत्रानं घेतलेल्या बिंदूंना उंचीही असते. ओस्नॅप ती उंचीसुद्धा पकडतं, आणि वरून पाहताना काहीच कळत नाही. दोन बिंदूंत आडवं अंतर 10 मीटर आणि उंचीचा फरक दीड मीटर असेल, तर त्यांना जोडणारी रेषा 10.11 मीटरची भरते. ओस्नॅपझेड हे व्हेरिएबल 1 केलं की पकडलेल्या बिंदूची उंची गळून जाते. सर्व्हेवर प्लॅन बसवण्याआधी मी ते आठवणीनं करतो.

आणि काही ठिकाणी ऑर्थो बंदच करावं लागतं. पुण्यातल्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांचं मोजमाप काढताना काटकोन गृहीत धरला तर ड्रॉइंग खोटं होतं. तिथल्या खोल्या दिसतात चौकोनी, पण समोरासमोरच्या भिंती समांतर असतीलच असं नाही. म्हणून चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजायचे. संगणकावर एक बाजू आखायची. तिच्या एका टोकावरून शेजारच्या बाजूच्या मापाचं वर्तुळ, दुसऱ्या टोकावरून कर्णाच्या मापाचं, आणि दोन्ही छेदतात तिथे इंटरसेक्शननं कोपरा पकडायचा. चौथा कोपराही याच रीतीनं येतो. चौकोन नक्की व्हायला पाच मापं पुरतात. सहावं, म्हणजे उरलेला कर्ण, काढलेल्या आकारावर तपासायचं. ते जुळलं नाही तर रेषा ओढून जुळवायची नाही. टेप घेऊन पुन्हा वाड्यात जायचं.