५० पैकी २६

अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका घरगुती बिअर स्पर्धेतून गुणपत्रिका घरी आली. त्यावर परीक्षकाने एकच शब्द दोनदा अधोरेखित केला होता: बँड-एड. म्हणजे जखमेवर चिकटवायची पट्टी. प्रस्तुत लेखकाने चार आठवडे बाळासारखी जपलेली गव्हाची जर्मन बिअर, आणि तिला म्हणे पट्टीचा वास! गुण ५० पैकी २६. खालच्या कोष्टकात २१ ते २९ म्हणजे ‘गुड’. पण पेणच्या शाळेतून बाहेर पडलेल्याला ५२ टक्क्यांचा अर्थ कोष्टकात बघावा लागत नाही.

राग वासाचा नव्हता. हीच बिअर महाराष्ट्र मंडळातल्या अकरा जणांनी प्यायली होती आणि अकराही जण ‘मस्त झालीये’ म्हणाले होते. फुकटची बिअर पिणारा माणूस दुसरं काय म्हणणार, हे तेव्हा सुचलं नाही.

गुणांची वाटणी ठरलेली असते: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकूण मताला १०. ही पद्धत बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या, १९८५ पासूनच्या संस्थेची. परीक्षक तिची परीक्षा देतात आणि फुकट राबतात. बाटली कोणाची हे त्यांना कळत नाही. साधी तपकिरी बाटली, लेबल नाही, चिठ्ठी रबरबँडने बांधलेली.

दिसण्याला फक्त ३! पेणकराला हे पटणं कठीण. तिथे गणपतीच्या कारखान्यात सगळा जीव दिसण्यात, त्यातही डोळ्यांत असतो. आखणीला सगळ्यात मुरलेला हात बसतो, आणि नजर किंचित तिरकी गेली तरी गिऱ्हाईक दुसऱ्या मूर्तीकडे वळतं. पण पुढे विचार करता कारखाना आणि स्पर्धा यांच्यात फार अंतर उरलं नाही. गिऱ्हाईक ‘दगडूशेठ’ मागतं तेव्हा त्याला नुसती सुंदर मूर्ती नको असते. बैठक, मुकुट, सोंड, सगळं दगडूशेठचं हवं. लालबागच्या राजाची ऐट त्यात उतरली तर मूर्ती देखणी असूनही कारखान्यात राहते. बिअरचंही तेच. गव्हाच्या जर्मन बिअरला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास हवाच. तोच केळ्याचा वास पिल्सनर या दुसऱ्या प्रकारच्या बिअरला आला की गुण कापले जातात. परीक्षक ‘आवडली का’ याआधी ‘जी म्हणून पाठवली ती आहे का’ हे बघतो. हमरापूर-जोह्याच्या कारागिराला हे समजावून सांगायला दोन मिनिटं लागणार नाहीत. लेखकाला दोन स्पर्धा लागल्या.

पट्टीच्या वासाचं कारण गुणपत्रिकेच्या तळाशी एका ओळीत होतं: ‘पाण्यातलं क्लोरीन तपासा.’ इथल्या नळाला बुल रनच्या जंगलातलं पाणी येतं. ते इतकं मऊ की बिअर करणारे त्यावर खूश असतात. पण निर्जंतुक करताना त्यात क्लोरीन आणि अमोनिया घालतात, त्याचं क्लोरामाइन होतं. साधं क्लोरीन पाणी उकळलं की उडून जातं, क्लोरामाइन चिवट. मोड आणून वाळवलेल्या धान्यातल्या फिनॉलशी त्याची गाठ पडली की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि ते अब्जात काही भाग असलं तरी नाकाला कळतं. उपाय हास्यास्पद स्वस्त आहे. कॅम्पडेन नावाची मेटाबायसल्फाइटची गोळी मिळते, वीस लिटर पाण्याला ती पाव पुरते. चुरून टाकायची, ढवळायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं. बाटल्या ब्लीचने धुऊन नीट विसळल्या नाहीत तरी हाच वास येतो, म्हणून ब्लीच मोरीतच ठेवावं. पिण्याला ते पाणी उत्तमच होतं. न विचारता वापरणारा चुकला.

रोह्याची आजी पोह्याच्या पापडाची लाटी जिभेवर ठेवायची आणि ‘खार चढलाय, अजून पीठ घाला’ म्हणून पुढच्या कामाला लागायची. दोष आणि तोड एकाच वाक्यात, परीक्षकाच्या शेऱ्यासारखी. तिला महाराष्ट्र मंडळात कोणी बोलावलं नसतं.

पुढच्या स्पर्धेत लेखक बाटल्या उघडून द्यायला स्वयंसेवक म्हणून उभा राहिला. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पेल्यात बिअर पडली रे पडली की परीक्षकांची नाकं आत. वास आधी उडतो, म्हणून आधी तो. मग खिशातला टॉर्च पेल्यामागे धरून रंग, मग घोट, मग ब्रेडचा तुकडा. कागद भरेपर्यंत दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. एका बाटलीला त्यांनी दहाएक मिनिटं दिली. मंडळात तेवढ्यात तीन बाटल्या संपतात.

पाव गोळी घातलेल्या बिअरला ३४ मिळाले, म्हणजे ‘व्हेरी गुड’. शेरा: फेस लवकर बसतो, वायू वाढवा.

रोह्याच्या भाच्याने कृती मागितली आहे. नाचणीचं सत्त्व करताना आपण नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो; तिथपर्यंतचं त्याने खुशाल करावं. पुढचं नको. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरीसुद्धा बिअर करता येत नाही. अमेरिकेतही जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही करेपर्यंत घरची बिअर बेकायदाच होती, आणि अलाबामा व मिसिसिपी ही राज्यं तर २०१३ पर्यंत अडून बसली होती.