बडोद्याच्या अंगणातली सॅन स्टॉर्म

दिवाळीच्या सुटीत बडोद्याला गेलो, पण राजवाडा पाहायचा राहूनच गेला. तीन दिवस दांडिया बाजारात मावसभावाच्या अंगणात गेले. तिथे उभी आहे सॅन स्टॉर्म. बंगळूरच्या कंपनीची, नव्वदच्या दशकाअखेरीस निघालेली दोन आसनांची स्पोर्ट्स कार. इंजिन रेनॉचे, ११४९ सीसीचे. अंग सगळे फायबरग्लासचे. आता ती बनत नाही.

डावा मडगार्ड तडकलेला. भावाने तडा खरवडून आतून फायबरची मॅट रेझिनने चिकटवली. हार्डनर जास्त पडला की रेझिन तापून पुन्हा तडकते, म्हणून औषधासारखे थेंब मोजत होता. त्याचे आजोबा सयाजीरावांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात शिकलेले. खोड तिथलीच असावी.

पुतण्याला मोठे इंजिन हवे होते. ‘‘आरसी बुकात नाही ते गाडीत नको,’’ भाऊ म्हणाला. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितलेच आहे. बापलेकांचा अबोला. ‘‘इदु याक बेकु?’’ सौ. माझ्या कानाशी.

तिसऱ्या दिवशी पुतण्या न बोलता पॉलिश पेपर घेऊन घासायला बसला. संध्याकाळी राखाडी प्रायमर चढला. मग लाल रंग कुठला, यावर दोघांचा नवा वाद सुरू झाला आणि आम्ही स्टेशनसाठी रिक्षा बोलावली.