तीस अंशांच्या अलीकडे

गुलमर्गच्या गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटच्या धारेवर, सुमारे ३,९५० मीटरवर आणून सोडतो. स्की-गस्तीपथकाच्या दोऱ्या संपल्या की पुढचा उतार ज्याचा त्याने जोखायचा. बर्फाची अख्खी पाटी सुटून येणारी हिमस्खलनं बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि नेमके हेच अंश डोळ्यांना कळत नाहीत. घरातला जिनाही ३०-३५ अंशांचा असतो, पण तेवढाच बर्फाळ उतार वरून कडा वाटतो आणि ढगाळ उजेडात खालून चक्क माळ.

पुण्यातून निघताना फोनमध्ये कोन मोजणारं ॲप होतंच. धारेवरच्या वाऱ्यात हातमोजा काढल्यावर त्याची हौस फिटली. बोटं बधिर, बॅटरी थंडीने भराभर उतरलेली. त्यात फोन पाठीवर ठेवला तर कॅमेऱ्याच्या उंचवट्याने आकडा हलतो. २८ की ३१ यावरच सगळं अडलेलं असताना हे परवडत नाही.

खिशातलं दुसरं हत्यार म्हणजे आरशाचं होकायंत्र. त्यात कोनासाठी वेगळी लोंबती सुई असते. ती चुंबकावर नाही, स्वतःच्या वजनावर चालते. डबी उभी धरायची, शेजारच्या नळीचा उतार बाजूने दिसेल असं उभं राहायचं आणि डबीची कड त्या रेषेला जुळवायची. उतारावर पाऊल न टाकता आकडा मिळतो, आणि माझ्या मते सगळी किंमत या एका गोष्टीची आहे. नळी ३६ निघाली.

"सर, खालचं मोजलंत. आता वरचं मोजा," टंगमर्गचा आमचा वाटाड्या म्हणाला. बरोबर होतं त्याचं. आपण २५ अंशांवर असलो तरी डोक्यावरचा ३८चा बर्फ आपल्यावरच येणार. नकाशावरचे उतार दाखवणारे रंगही असे छोटे फुगवटे गिळून टाकतात.

आम्ही नळी सोडून रुंद सोंडेने उतरलो. तिथे त्याला माझ्या स्कीच्या काठ्यांवरच्या रंगीत पट्ट्या दिसल्या. त्या कोन मोजायच्या खुणा. एक काठी बर्फावर नुसती टेकवून उभी धरायची, दुसरी आडवी धरून तिचं टोक चढाच्या बाजूला बर्फाला लावायचं. आडवीची मूठ उभीला जिथे भिडते, ती उंची बघायची. १२० सेंटिमीटरच्या काठीवर खालून ६९ला भिडली तर ३० अंश, ८४ला भिडली तर ३५. भुसभुशीत बर्फात टोक रुततं, म्हणून हे ढोबळच. पण बिघडायला यात काही नाही.

झाडीतून बाबारेशीला पोचलो. जीप यायची होती. वाटाड्याने चिकटपट्टी मागून घेतली. त्याच्या काठ्या ११५च्या, त्यामुळे माझे आकडे त्याला चालणारे नव्हते. त्याच्या पट्ट्या ६६ आणि साडेऐंशीवर लागल्या.