भाषा अडली, पण वाट अडली नाही

‘भाषा येत नसेल तर परदेशात कसं होणार?’ असं तुम्हालाही वाटत असेल ना? माझा भाऊ टोकियोत नोकरीला आहे. उन्हाळी सुट्टीत आईला घेऊन मी त्याच्याकडे गेले. जपानी दोघींनाही शून्य. इंग्रजी मला कामापुरतं, आणि आईला फक्त मराठी!

नारिता विमानतळावर आधी इमिग्रेशन. तिथे दोन्ही तर्जनींचे ठसे आणि फोटो घेतात. यंत्रावरचं चित्र बघून आईनं बरोबर बोटं ठेवली. मग सामान घेऊन कस्टम्स. तुम्ही कधी गेलात तर लक्षात ठेवा: मांसाचे पदार्थ नेऊ नयेत. ताजी फळं, भाज्या, पानं सरकारी प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. म्हणून आंबे अन् कढीपत्ता आम्ही घरीच ठेवला होता. 10 लाख येनपेक्षा जास्त रोकड असेल तर तेही सांगावं लागतं.

अधिकाऱ्यानं बॅग उघडायची खूण केली. वरच गोड्या मसाल्याची पुडी! तपकिरी पूड हातात धरून तो आमच्याकडे बघू लागला. माझ्या पोटात गोळाच आला. मी इंग्रजीत सांगितलं, पण त्याला कळेना. त्यानं चित्रांचा तक्ता पुढे केला. त्यावर अमली पदार्थ, शस्त्रं अशी चित्रं. मी हातानं ‘नाही, नाही’ केलं. आईनं मात्र हवेतच चिमूटभर मसाला टाकला, पळीनं ढवळलं आणि घास तोंडाशी नेला. अधिकाऱ्यानं पुडीचा वास घेतला अन् हसून म्हणाला, ‘‘करे?’’

‘‘अगं, हा तर मराठीत ‘का रे’ म्हणतोय!’’ आई म्हणाली. जपानीत करीला ‘करे’ म्हणतात, हे भावानं नंतर सांगितलं.

1964 च्या टोकियो ऑलिम्पिकला येणाऱ्या पाहुण्यांना जपानी वाचता येणार नाही, हे ओळखून जपान्यांनी प्रत्येक खेळासाठी चित्रचिन्ह तयार केलं होतं. पाहुण्याला भाषा येत नाही, तर सोय यजमानानं करायची, हा त्यामागचा विचार.

आमच्या नंदुरबारच्या डोंगरातली मुलं घरी पावरी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा पुस्तक मराठीत, बाईही मराठीत. ती गप्प बसतात. त्यांना काही येत नाही असं नसतं. येतं ते त्यांच्या भाषेत असतं. शाळेत यजमान आपण आहोत. म्हणून जूनमध्ये मी आधी चित्रं दाखवते, मुलांकडून त्यांचे शब्द शिकते, मग मराठी शब्द देते.

तुमच्या वर्गातही असं एखादं मूल असेल. त्याला ‘बोल’ म्हणण्याआधी त्याचे दोन शब्द तुम्ही शिकून बघा.